डोमेन कुणाच्या नावावर आहे, आणि संपतंय कधी?

दिवाळीला महिना उरला होता. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांचा हाच खरा सीझन. अमेरिकेचे डबे वेळेत कुरियरला पडले नाहीत, तर चकल्या भाऊबीज उलटल्यावर पोचतात. अशा दिवसांत कोथरूडच्या एका काकूंचा सकाळी साडेसातला फोन आला. "अरे, आपली साइट उघडली की भलत्याच जाहिराती दिसतायत. कुणीतरी हॅक केलीय बहुतेक. काल रात्रीपासून एक ऑर्डर नाही."

हॅक-बिक काही नव्हतं. डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती आणि रजिस्ट्रारने, म्हणजे तो पत्ता जिच्याकडे नोंदवलेला असतो त्या कंपनीने, त्या नावावर आपलं जाहिरातींचं पान चढवलं होतं. काकांनी तोवर होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्यांना, फोन लावून झाला होता. ते म्हणाले, "पैसे मार्चपर्यंत भरलेत, आमच्याकडे सगळं चालू आहे." तेही खरंच होतं. काकूंच्या खात्यात पैसे होते, मुदत संपतेय असे मेलही वेळेवर गेले होते. फक्त ते गेले होते साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवर. मुलगा आता जर्मनीत, इथला नंबर बंद. शेवटी त्याची आई काकूंच्या बहिणीच्या भिशीत निघाली आणि नंबर मिळाला. मुलगा भला. दुसऱ्या दिवशी तिकडच्या पहाटे उठून त्याने जुन्या मेलचा पासवर्ड कसाबसा काढला, फोनवर ओटीपी वाचून दाखवला, आणि तेराशेच्या आसपास रुपये भरून नाव परत मिळालं. ऐन हंगामातले चार दिवस मात्र गेले ते गेलेच.

पुण्यातल्या छोट्या व्यवसायांच्या साइट सांभाळताना मी असे प्रसंग बरेच पाहिलेत. पैसे नव्हते म्हणून डोमेन गेलं, असं एकदाही झालेलं नाही. दर वेळी गोष्ट तीच: सूचना भलत्याच माणसाला गेली. म्हणून खाली जे सांगतोय त्यात पैसे भरण्याचा भाग थोडा आहे, आणि कागद कुणाच्या नावावर आहे हे तपासण्याचा जास्त.

बिलं वेगवेगळी असतात

काकांची जी गल्लत झाली ती सगळ्यांची होते. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल या तीन वेगळ्या सेवा आहेत. त्या तीन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात आणि तिघींच्या तारखा वेगळ्या असतात. साइट सुरक्षित आहे असं ब्राउझरला सांगणारं एसएसएल प्रमाणपत्र चौथं, पण ते हल्ली बहुतेक होस्टिंगवाले आपोआप बदलतात. होस्टिंग बंद पडलं तर साइट दुसरीकडे उभी करता येते. बॅकअप असेल तर एका दिवसाचं काम. डोमेन गेलं तर साइट जाते, त्या नावावरचे सगळे ईमेल जातात, आणि डब्यांवर, बिलांवर, रिक्षामागच्या जाहिरातीवर छापलेला पत्ताही जातो.

दुसरं असं की डोमेन "विकत घेतलं" असं आपण म्हणतो, पण ते असतं ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेलं. डॉट कॉम काय किंवा डॉट इन काय, एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. वेळेत नूतनीकरण केलं तर ते तुमच्याकडून सहसा कुणी काढून घेत नाही. नाही केलं तर काही दिवसांनी ते पुन्हा बाजारात येतं.

पहिलं काम: तारीख आणि रजिस्ट्रार शोधा

डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं लुकअप पान आहे, लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी. तिथे तुमचं डोमेन टाका. जुने लोक याला अजून "हूइज काढणं" म्हणतात. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइजची जागा अधिकृतपणे आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे, पण तुमच्या दृष्टीने काम तेच. डॉट इन आणि डॉट भारत ही नावं निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया सांभाळते. त्यांची माहिती डॉट इन रजिस्ट्रीच्या साइटवर मिळते.

निकालात तीन गोष्टी पाहायच्या: रजिस्ट्रारचं नाव, मुदत संपण्याची तारीख आणि स्टेटस. रजिस्ट्रार म्हणजे जिच्याकडे पैसे भरायचे ती कंपनी. तिचं नाव वाचून पुष्कळ जण चकित होतात, कारण त्यांनी पैसे दिलेले असतात साइट बनवणाऱ्याला आणि त्याने नाव घेतलेलं असतं तिसरीकडूनच.

तारखेत एक मेख आहे. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपली की मुख्य रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची नोंद ठेवणारी व्हेरिसाइन, नावाची तारीख आपोआप एक वर्ष पुढे ढकलते. तुम्ही रजिस्ट्रारला पैसे दिलेत की नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो. रजिस्ट्रार पुढे ४५ दिवसांपर्यंत ते नाव परत करून आपले पैसे सोडवून घेऊ शकतो. त्यामुळे संपलेलं डोमेन लुकअपमध्ये बघितलं तर पुढच्या वर्षाची तारीख दिसते, माणूस म्हणतो "चला, वर्षभर निश्चिंत", आणि पंधरा दिवसांनी नाव हातचं जातं. म्हणून स्टेटस वाचा. तिथे "ऑटो रिन्यू पिरियड" लिहिलेलं असेल तर ती पुढची तारीख खरी धरू नका. "क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड" दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते कुलूप आहे, तुमच्याच सोयीचं. खात्रीची तारीख रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगइन केल्यावरच दिसते.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सातबारा कुणाच्या नावावर?

लुकअपमध्ये मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं. त्यामुळे प्रश्न थेट विचारावा लागतो: रजिस्ट्रारचं खातं कुणाचं आहे? त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे? नोंदणीतलं नाव, ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे?

साइट बनवणाऱ्या मुलाने आपल्याच खात्यातून नाव घेतलं असेल तर लगेच त्याला चोर ठरवू नका. दहापैकी नऊ वेळा त्याने सोय पाहिलेली असते. त्याच्या एका खात्यात चाळीस गिऱ्हाइकांची डोमेनं असतात, कार्ड त्याचं असतं, आणि तो वर्षाकाठी तुम्हाला एक बिल पाठवतो. तो धंद्यात आहे तोवर हे चालतं. त्याने नोकरी धरली, गाव सोडलं, किंवा तुमच्याशी बिलावरून वाजलं, की गाडी अडली.

त्याचं आणि तुमचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर तो मुलगा तुमचं डोमेन तुमच्या नव्या खात्यात सरकवू शकतो. याला "पुश" म्हणतात. सहसा फुकट असतं आणि काही मिनिटांत होतं. रजिस्ट्रारच बदलायचा असेल तर त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड, घ्यायचा, कुलूप काढायला लावायचं आणि नव्या ठिकाणी ट्रान्सफरचे पैसे भरायचे. डॉट कॉमला ट्रान्सफर झाल्यावर मुदतीत एक वर्ष वाढवून मिळतं, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. एक पथ्य पाळायचं: हे सगळं मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी करा. नवीन नोंदणी किंवा ट्रान्सफर झाली की पुढचे ६० दिवस नाव सहसा पुन्हा हलवता येत नाही, आणि मालकाचं नाव बदलल्यावरही बरेच रजिस्ट्रार तेवढ्याच दिवसांचं कुलूप लावतात. शेवटच्या आठवड्यात हा खेळ करायला गेलात तर नाव मधल्या मध्ये लटकतं.

बोलताना सूर नीट ठेवा. "आमचं डोमेन आमच्या नावावर करून दे" असं लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, सरळ मागावं आणि त्याच्या वेळेचे पाचशे-हजार रुपये द्यावेत. नवीन काम देताना तर पहिल्या दिवशीच सांगा: डोमेन मी माझ्या खात्यातून घेणार, तुला फक्त डीएनएसची, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे वळवायचं ते बदलायची, परवानगी मिळेल.

आता ईमेल. रजिस्ट्रारच्या खात्यात त्याच डोमेनवरचा पत्ता टाकू नका. म्हणजे डोमेन फराळाचं, आणि संपर्काचा मेलही त्याच फराळाच्या नावावरचा, असं नको. मुदत संपली की तो मेल बंद, मग इशारा कुठे येणार आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी कुठे जाणार? साधा जीमेल चालेल, पण मालकाचा स्वतःचा. जमलं तर दुसरा पत्ता मुलीचा किंवा हिशेब पाहणाऱ्याचा द्या. मोबाइल नंबर दुकानातल्या मुलाचा असेल तर आजच बदला.

हे का, तर आयकॅनच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण एक महिना आधी एक आणि एक आठवडा आधी दुसरी सूचना पाठवावीच लागते, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. ती जाते नोंदवलेल्या पत्त्यावर. तो पत्ता कुणी उघडतं की नाही, हे बघायचं काम त्यांचं नाही.

असाच आणखी एक मेल लोक कचऱ्यात टाकतात. नवीन नोंदणी केली किंवा मालकाचा ईमेल बदलला, की "पत्ता खरा आहे हे कळवा" असा दुवा येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो. पैसे भरलेले, मुदत शिल्लक, आणि साइट बंद! कर्वे रस्त्यावरच्या एका चष्म्याच्या दुकानाचं नेमकं हेच झालं होतं. दोन दिवस सगळे होस्टिंगच्या मागे लागले होते.

ऑटो रिन्यू चालू आहे, म्हणून निवांत?

ऑटो रिन्यूचं बटण चालू ठेवाच, पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडे याला खास कारण आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी नियम कडक केले. ग्राहकाने आधी ई-मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, दिलेलं हवं, पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना हवी, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी हवा. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. पाठोपाठ १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला बंदी आली आणि त्या जागी टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा सांकेतिक कोड, आलं. ग्राहक म्हणून मला हे नियम पसंत आहेत. पण परिणाम असा, की कुणा परदेशी रजिस्ट्रारकडे २०१८ मध्ये साठवलेलं कार्ड अजून चालेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. खात्यात "ऑटो रिन्यू: चालू" असं हिरवं दिसत राहतं आणि तारखेला व्यवहार मात्र फेल होतो.

यावर मी गिऱ्हाइकांना दोन गोष्टी करायला सांगतो. रजिस्ट्रार यूपीआय ऑटोपे किंवा खात्यात आगाऊ शिल्लक ठेवायची सोय देत असेल तर ती घ्या. आणि बटण काहीही म्हणो, तारखेच्या महिनाभर आधी स्वतः लॉगइन करून हाताने पैसे भरा. आधी भरल्याने दिवस कमी होत नाहीत. नवं वर्ष जुन्या तारखेलाच जोडलं जातं.

किती वर्षांचं भरावं? दहा वर्षांचं एकदम भरून मोकळं व्हायचा मोह होतो. मी तीन वर्षं सुचवतो. दहा वर्षांत फोन बदलतो, ईमेल बदलतो, भागीदार बदलतो, आणि हे खातं नावाचं काहीतरी होतं हेच कुणाला आठवत नाही. दर वर्षी करायचं म्हटलं तर चुकायची संधी दर वर्षी. तीन वर्षांत दर थोडा बांधला जातो आणि आठवणही शाबूत राहते. पहिल्या वर्षाची ९९ रुपयांची जाहिरात पाहून नाव घेतलं असेल, तर नूतनीकरणाचा दर वेगळा आणि बराच जास्त असतो, तो आधी बघून ठेवा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणी असेल तर खात्यात जीएसटी नंबर टाकून ठेवा, म्हणजे त्याचं क्रेडिट घेता येईल.

आठवणीसाठी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तीन गजर लावा: ९०, ३० आणि ७ दिवस आधीचे. शिवाय एक देशी उपाय आहे. लक्ष्मीपूजनाला अजूनही बऱ्याच घरांत नव्या वहीची पूजा होते. हिशेब संगणकावर गेले तरी अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला गर्दी असतेच. त्या वहीच्या पहिल्या पानावर, श्रीच्या खाली, एक तक्ता काढायचा: डोमेनचं नाव, रजिस्ट्रार, खात्याचा ईमेल, मुदतीची तारीख, होस्टिंगची तारीख. पासवर्ड लिहायचा नाही. काकू आता हेच करतात, आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवतात.

"अंतिम सूचना" असं लिहिलेला मेल आला तर

डोमेन घेतलं की भामटेही मागे लागतात. "तुमचं डोमेन सर्च इंजिनमधून काढलं जाणार आहे", "तुमच्या नावाचं चीनमधलं डोमेन दुसरी कंपनी घेतेय, लगेच कळवा", असे मेल येतात. बिलासारखं दिसणारं, तळाशी बारीक अक्षरांत "ही केवळ ऑफर आहे" लिहिलेलं पत्रही येतं. ओळखायची खूण एकच: पाठवणाऱ्याचं नाव तुमच्या वहीतल्या रजिस्ट्रारशी जुळतं का? नाही, तर कचरा. जुळलं तरी मेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून खात्यात जा आणि तिथे काय दिसतंय ते पाहा.

मुदत संपलीच असेल तर

आधी एक दिलासा. हे मोठमोठ्यांचंही झालंय. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. मायकेल चेनी नावाच्या एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि गाडी सुरू झाली. २०१७ मध्ये मार्केटो या कंपनीचं डोमेनही असंच संपलं होतं, आणि तिथेही पैसे भरून टाकले एका ग्राहकाने.

आता वेळापत्रक. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपल्यावर आधी सवलतीचा काळ असतो, तो ४५ दिवसांपर्यंत. या काळात सहसा नेहमीच्याच दरात नाव परत घेता येतं. मात्र ४५ ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. काही रजिस्ट्रार तीन-चार आठवड्यांतच नाव लिलावात काढतात, आणि तिथे कुणी बोली लावली तर तुमचा रस्ता बंद होऊ शकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात हलायचं. त्यानंतर नाव रद्द झालं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ. नाव अजून तुम्हालाच मिळू शकतं, पण नूतनीकरणावर दंडासारखी फी लागते आणि ती सहसा काही हजारांत जाते. मग पाच दिवस "पेंडिंग डिलीट". या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, तुम्हालाही नाही. सहाव्या दिवशी नाव खुलं होतं, आणि जरा बरं नाव असेल तर ते पकडायला बसलेले प्रोग्रॅम सेकंदाच्या आत उचलतात. डॉट इन आणि इतर शेपट्यांचे दिवस रजिस्ट्रारगणिक बदलतात, त्यामुळे आपल्या रजिस्ट्रारचं पान वाचूनच ठरवा.

नाव दुसऱ्याने घेतलंच, तर दोन वाटा उरतात. एक, त्याच्याकडून विकत घेणं. तेव्हा आपण किती घायकुतीला आलोय हे त्याला कळू देऊ नका. दुसरी, तक्रार. डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशी तंटा सोडवायची पद्धत आहे. पण तिथे तुमचा ट्रेडमार्क किंवा नावावरचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर एका नावाची केस टाकायची फीच १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. "मी भरायला विसरलो" हा तिथे मुद्दा होत नाही.

सोडून द्यायचं डोमेन

धंद्याचं नाव बदललं, नवं डोमेन घेतलं, मग जुन्याचे पैसे कशाला भरा? या हिशेबात मोठा खड्डा आहे. जुन्या नावावर जे ईमेल होते, त्यांनी तुम्ही कुठे कुठे खाती उघडलीत ते आठवा: बँक, जीएसटी पोर्टल, इन्स्टाग्राम, कुरियर, पेमेंट गेटवे. उद्या तेच नाव कुणी तिसऱ्याने घेतलं आणि त्यावर येणारा प्रत्येक मेल आपल्याकडे वळवला, तर "पासवर्ड विसरलो" एवढं दाबून तो तुमच्या खात्यांत शिरू शकतो. जुनं नाव सोडायचंच असेल तर आधी एकेका ठिकाणचा ईमेल बदला, वर्ष-दोन वर्षं जुन्या नावावर काय काय मेल येतात ते पाहत राहा, आणि मगच सोडा. माझ्या मते नाव छापील डब्यांवर गेलं असेल तर सोडूच नये. वर्षाचा खर्च हजार-दीड हजार, त्यात वाचवण्यासारखं फारसं काही नाही.

पैसे भरले, तरी साइट दिसत नाही

नूतनीकरण झाल्यावर लगेच सगळीकडे साइट उघडेल असं नाही. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची (साइट कुठे ठेवलीय ते सांगणाऱ्या सर्व्हरची) नोंद इंटरनेटवर ४८ तासांपर्यंत साठवलेली राहू शकते. म्हणून औंधच्या गिऱ्हाइकाला साइट दिसते आणि हडपसरच्याला अजून जाहिरातीच. रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर पूर्वीचेच आहेत ना, एवढं बघा. दोन दिवसांनीही जाहिरात दिसली तर त्यांच्या सपोर्टला सांगा.

मधल्या काळात गुगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलमध्ये वेबसाइटच्या जागी तात्पुरता व्हॉट्सॲप कॅटलॉगचा दुवा टाका, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर फोन नंबरासह दोन ओळी पाठवा. मेलचं वेगळं बघावं लागतं. बंद काळात आलेले काही मेल पाठवणाऱ्याकडे परत गेलेले असतात, काही रांगेत अडकून एक-दोन दिवसांनी येतात. ज्यांच्याकडून ऑर्डरची वाट होती त्यांना स्वतःहून फोन करा. काकूंनी तसे सव्वीस फोन केले. त्यातल्या न्यू जर्सीच्या एका बाईंचा मेल परत गेला होता, आणि त्यांनी एव्हाना दुसरीकडे अनारसे सांगून टाकले होते.